आधी ब्रेक, मग बंपर

प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर एक तरी जण असा असतो, ज्याला जीप दिसली की बोलता बोलता मधेच थांबायची सवय असते. त्याच्या मामाच्या गावी गोठ्यामागे एक जुनी महिंद्रा उभी असते. टायर मातीत रुतलेले, मागच्या सीटवर कोंबडीने संसार मांडलेला, बॉनेट उघडावं तर आत वेल चढलेला. मामा म्हणतो, "न्या रे पोरांनो, भंगारवाला तशीही किलोवरच मागतोय." मग चार-पाच जण वर्गणी काढतात, टेंपो ठरवतात आणि एका रविवारी ते धूड कुणाच्या तरी अंगणात येऊन उतरतं. संध्याकाळपर्यंत ग्रुपचं नाव बदललेलं असतं आणि डीपीला जीपचा फोटो लागलेला असतो.

हा नाद वाईट आहे असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट, कॉलेजच्या वयात करण्यासारख्या मोजक्या भारी गोष्टींपैकी ही एक आहे. फक्त एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो पहिला पाना हातात घेण्याआधीच विचारायचा आहे. तुमच्यापैकी ब्रेक कोण बघणार?

प्रश्न साधा वाटतो. मागे वळून बघितल्यावर तो तसा राहत नाही. आम्हीही चौघांनी मिळून अशीच एक जीप उभी केली होती. मोठे टायर आले, पुढे जाडजूड बंपर आला, रंग झाला, हॉर्नसुद्धा दोन बसवले. ब्रेक? "लागतायत की!" पहिल्याच फेरीत, उतारावर, पायाखालचं पेडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढला तर त्याची केबल जोडलेलीच नव्हती. गिअर खाली घेण्याची धडपड करत गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली, म्हणून वाचलो. एकाचं मनगट मोडलं. दवाखान्यात त्याच्या आईने एवढंच विचारलं, "ब्रेक कुणी बघितला होता?" आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने बघितला असेल.

चार मित्रांच्या गाडीत हाच खरा धोका असतो. काम सगळ्यांचं म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही. टायर आणायला चौघं जातात, रंग निवडायला दहा जण येतात. गाडीखाली झोपून ब्रेकची नळी तपासायला कुणाचंच नाव नसतं.

या गाड्यांची गोष्ट जरा समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेली विलीज जीप स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात मुंबईत जोडली जाऊ लागली आणि पुढची कित्येक दशकं महिंद्राच्या नावाने आपल्याकडे फिरली. मामलेदाराची जीप, पाटबंधाऱ्याची जीप, निवडणुकीची जीप आणि कोल्हापूर-सांगलीकडची, दोन्ही बाजूंनी माणसं लोंबकळणारी वडापची जीप, सगळी एकाच घराण्याची. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. ९७० सीसीचं छोटंसं इंजिन, पण अंग हलकं, त्यामुळे डोंगरात ती भल्याभल्यांना मागे टाकायची. या सगळ्या गाड्यांची बांधणी सरळ आहे. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर बॉडी, खाली कमानीचे पाटे. सेन्सर नाहीत, कॉम्प्युटर नाही. म्हणूनच त्या अंगणात खोलता येतात. जे दिसतं ते कळतं आणि जे कळतं ते दुरुस्त करता येतं.

पण साधेपणाची दुसरी बाजूही आहे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि चारही चाकांचं ऑइल एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच वाटेने जातं. आजच्या गाडीत ही वाट दोन भागांत विभागलेली असते, एक गळाली तर दुसरी थोडंफार सांभाळून घेते. जुन्या जीपमध्ये एका चाकाच्या सिलिंडरचं इवलंसं रबर फाटलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत ते रबर कडक झालेलंच असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे नळ्या आतून गंजतात, आणि ओल धरलेलं ऑइल तापलं की लवकर उकळतं. अशी गाडी अंगणात पुढे-मागे करताना ब्रेक लागतो, म्हणून घाटातही लागेल असं नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. ब्रेक गेला तर थांबत नाही. मग आधी काय करायचं, हे वेगळं सांगायला हवं का?

इंजिनिअरिंगच्या मुलांना बाहा एसएई इंडियाची स्पर्धा माहीत असेल. २००७ पासून विद्यार्थी त्यात स्वतः बांधलेल्या, खाचखळग्यांत पळणाऱ्या एकसीटर गाड्या घेऊन उतरतात. तिथे वर्षभर रात्री जागून बांधलेली गाडीसुद्धा ब्रेकची चाचणी पास झाल्याशिवाय शर्यतीत सोडत नाहीत. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम जाम व्हायला हवीत. नाही झाली, तर तुमचं डिझाइन कितीही देखणं असो, बाजूला व्हा. अंगणातल्या जीपला असा परीक्षक नसतो, म्हणून तो ग्रुपमधूनच नेमावा लागतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पहिल्या दिवशी शंभर पानी वही आणा. एका पानावर कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे एकाचं नाव लिहा. एकाचंच. ब्रेक, स्टिअरिंग, चाकं आणि बेअरिंग, पाटे आणि बुश, वायरिंग, पेट्रोलची लाइन, इंजिन, पत्रा, रंग, याच क्रमाने. ज्याचं नाव त्याने काम झाल्यावर सही करायची आणि दुसऱ्या एकाने तपासून खाली दुसरी सही करायची. पहिल्या चार ओळींवर दोन-दोन सह्या होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, हा नियम. वाद झाला तर वही बघायची.

यातली गंमत बघा. ही महत्त्वाची कामं एकट्याने नीट होतच नाहीत. ब्रेकमधली हवा काढायची असेल तर एक जण सीटवर बसून पेडल मारतो आणि दाबून धरतो, दुसरा चाकामागे बसून निपल ढिला करतो. बुडबुडे आणि ऑइल बाहेर येतं, निपल बंद होतो, आणि "सोड" असं ऐकू आल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. घाईने आधी उचलला की हवा पुन्हा आत. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यायचं. स्टिअरिंगचंही तसंच. एकाने चाक डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने समोर वाकून कुठला जोड ढिला आहे ते बघायचं. दोघांना एकमेकांचे डोळे दिसत नाहीत, फक्त आवाज ऐकू येतो. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून काम करणं म्हणजे काय, हे ग्रुप प्रोजेक्टच्या पीपीटीत शिकायला मिळत नाही. इथे मिळतं.

काही गोष्टी मात्र हौसेवर सोडू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी पेलायला खाली लोखंडी स्टँड हवेत, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढे-मागे दगड. जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नका, हवेचा पाइप मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर मास्क ठेवा. पेट्रोलची टाकी घरी वेल्डिंग करायची नाही, ती रिकामी असली तरीही नाही. आतली वाफ पेट घेते. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. ते डब्यात भरून गॅरेजला किंवा जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.

आणि एक मिस्त्री शोधा. युट्यूबवर सगळं आहे, हे खरं. पण ड्रमवर टिचकी मारून आवाजावरून चीर ओळखणारा माणूस तिथे नाही. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आयुष्यभर हेच काम केलेली माणसं आहेत. तुमच्या तालुक्याच्या स्टँडामागेही एखादा चाचा किंवा अण्णा असेलच. त्यांच्याकडे फुकटची ट्युशन मागायला जाऊ नका. कामाचे पैसे द्या, शेजारी उभे राहा, बॅटरी धरा, प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी ते हाकलतील. तिसऱ्या दिवशी चहा सांगतील. पुस्तकात टॉर्कचा आकडा असतो, पण गंजलेला बोल्ट तुटायच्या आधी हाताला कसा लागतो हे त्यांच्याकडूनच कळतं. डिग्री नसलेल्या माणसाला "सर" म्हणण्याची वेळ प्रत्येकाच्या शिक्षणात एकदा तरी यायला हवी.

आता कागद. हा विषय निघाला की सगळ्यांना फोन येतात, तरी वाचा. गाडी उचलायच्या आधी आरसी बुक कुणाच्या नावावर आहे ते बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचा विचार असेल, तर आधी आरटीओत विचारा, मग पैसे मोजा. तो जाडजूड बंपर? पुढे लावायच्या बुलबारवर केंद्राने २०१७ मध्येच कारवाईच्या सूचना दिल्या आहेत. आणि सगळ्यांच्या मनातला तो लष्करी हिरवा रंग? ऑलिव्ह ग्रीन रंग नियमानुसार संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखीव आहे. दुसरा हिरवा घ्या.

कुणी म्हणेल, एवढं सगळं करायचं तर मजा कुठे उरली? मजा याच्यातच आहे. रील बनते ती नव्या रंगाची, पण लक्षात राहतं ते दुसरंच. तीन दिवस डिझेल पाजलेला बोल्ट अखेर सुटतो तेव्हाची आरोळी. पाय ठेवल्यावर पेडल पहिल्यांदा दगडासारखं टणक लागतं तो क्षण. गंजलेल्या पत्र्यावर लांबी थापून रंग मारला तर फोटो छानच येतो, पण पहिल्या पावसाळ्यात फुगे येतात. सडलेला भाग कापून नवा पत्रा लावला तर फोटोत फरक दिसत नाही. तुम्हाला मात्र माहीत असतं.

आणि गाडी अर्धवट राहिली तर? बऱ्याच राहतात. परीक्षा येतात, कुणाला बेंगळुरूला नोकरी लागते, कुणाचं कुणाशी पैशांवरून बिनसतं. म्हणून त्याच वहीत मागच्या पानापासून हिशोब लिहा. कुणी किती दिले, कशावर गेले, आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याचे पैसे कसे परत करायचे, हे भांडण नसतानाच ठरवा. जुने बोल्ट डब्यांत घालून वर चिठ्ठ्या लावा. पुढच्या वर्षी हे काम तुमचे ज्युनिअर हातात घेतील आणि त्या चिठ्ठ्या वाचून तुम्हाला दुवा देतील.

आमच्या त्या मित्राचं मनगट जुळलं. पावसाळ्यात अजून दुखतं, असं तो म्हणतो. जीपही आम्ही परत उभी केली, या वेळी वहीसकट. ब्रेकपुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं, डाव्या हाताने. खाली तपासणाऱ्याच्या सहीसाठी आम्हा तिघांत भांडण लागलं.

तुमच्या अंगणातही एखादं धूड उतरलं असेल, तर आज संध्याकाळी टायरच्या किमती बघण्याआधी वही आणा. पहिल्या ओळीवर 'ब्रेक' लिहा. पुढे कुणाचं नाव लिहायचं, ते ठरवल्याशिवाय उठू नका.