सशासाठी कोणती रायफल?

मंडळी, न्यूझीलंडला ओटागोत राहणाऱ्या आमच्या भाच्याला कुरणातल्या सशांसाठी पॉइंट टू टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची आहे. मास्तरांना यातले काय कळते, म्हणाल! पण चार दिवस वाचून माझे मत बनले. २०१९च्या क्राइस्टचर्च हत्याकांडानंतर तिथे बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली. दहापर्यंत गोळ्यांची रिमफायर तेवढी वाचली.

मी म्हणेन, रुगरची टेन ट्वेंटी-टू घे. १९६४ पासूनची, दहा गोळ्यांचे फिरते मॅगझिन, सुटे भाग सहज मिळणारे. रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळे एखादे फुसके निघते. शिवाय यंत्र काडतुसाच्या धक्क्यावरच चालते. काडतूस कमी जोराचे असले की अडते. म्हणून तीन-चार प्रकारची काडतुसे आधी चालवून बघावीत आणि जी अडत नाहीत तीच धरावीत. महागडी दुर्बीण मग.

आग्रह एकच. पुढची गोळी आपोआप तयार असते म्हणून पहिली कशीही सोडायची नाही. जखमी ससा बिळात जाऊन तडफडत मरतो... तो शेताचा शत्रू असला तरी. पन्नास मीटरच्या आत, डोक्यावर नेम आणि मागे मातीचा उतार असेल तरच चाप ओढ. ही एवढीशी गोळी मैलभर जाते रे बाळा.