नाशिकमध्ये पर्यावरण मानचित्रण व भू-अवकाशीय विज्ञानाची पदवी सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे

प्रत माहितीस्तव : मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रात वरील विषयाचा पूर्ण पदवी अभ्यासक्रम सुरू होणेबाबत

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे इंदिरानगर, नाशिक येथील विद्यार्थी व पालक हे निवेदन आपल्याकडे सादर करत आहोत.

आमच्या वस्तीच्या एका अंगाला नासर्डी वाहते, दुसऱ्या अंगाला वालदेवी. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला महापूर आला आणि ‘पूररेषा’ हा शब्द नाशिकच्या घराघरांत पोहोचला. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. प्लॉट घेताना, बांधकाम परवानगी काढताना सामान्य माणसाची पहिली धास्ती हीच असते. पण नदीचे आडवे छेद, पावसाच्या नोंदी आणि जमिनीची उंची यांतून ती रेषा निघते कशी, हे शिकायचे म्हटले तर भूगोलाच्या पदवीत दूरसंवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस) एखाद-दुसऱ्या पेपरपुरतेच वाट्याला येतात. तेवढ्यावर हात बसत नाही.

हात बसणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आपले जुने गाव नकाशे ३३ फुटी शंकू साखळीच्या मोजणीवर उभे आहेत. साखळीचे आणे १६. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असा नकाशा स्कॅन करून उपग्रह-प्रतिमेवर बसवायला घेतला की विहीर जुळते, पण पलीकडचा ओढा शेजारच्या गटात सरकतो. घड्या पडून कागद आकसलेला असतो, मध्यंतरी ओढ्यानेही पात्र बदललेले असते. मग शिवेचा दगड पक्का धरायचा की जुने देऊळ, हे ठरवायला शिकवणारा माणूस लागतो आणि प्रत्यक्ष जागेवर जावे लागते. क्यूजीआयएससारखी संगणक प्रणाली फुकट मिळते. ही समज फुकट मिळत नाही.

ही समज असलेली संस्था आमच्याच शहरात आहे. दिंडोरी रस्त्यावरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली ‘मेरी’, १९५९ पासून काम करते. धरणातली पातळी उतरत जाते तसतसे वेगवेगळ्या तारखांच्या उपग्रह-प्रतिमांवरून पाण्याचा पसारा मोजायचा, तो मूळ क्षमतेशी ताडून पाहायचा आणि साठलेल्या गाळाचा हिशेब काढायचा, असे काम तिथे होते. विद्यापीठाच्या उपकेंद्राची शिवनईची जागाही त्याच रस्त्याला आहे. एका रस्त्यावरच्या या दोन संस्थांमध्ये सामंजस्य करार व्हावा आणि विद्यार्थ्यांना निदान एक सत्र मेरीत प्रत्यक्ष काम करता यावे, ही आमची ठाम मागणी आहे.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांच्या माहितीवरील बंधने सैल केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण जाहीर केले. कामे वाढणार हे उघड आहे. आज मात्र ज्याला पुण्यात राहण्या-जेवणाचा खर्च झेपतो तोच हा विषय निवडतो. ज्या घरात मुलाचे शिक्षण जमते पण मुलीला बाहेरगावी ठेवणे जमत नाही, तिथे मुलीचे नाव आधी गळते. याची आम्हाला सर्वांत जास्त खंत आहे.

म्हणून येत्या शैक्षणिक वर्षापासून हा अभ्यासक्रम सुरू करावा. शुल्क अनुदानित महाविद्यालयांच्या पातळीवर असावे आणि कला शाखेतून बारावी झालेल्यांनाही गणिताचा पूरक वर्ग देऊन प्रवेश मिळावा; नकाशाची उत्तम जाण असलेली कितीतरी मुले त्या शाखेत आहेत. क्षेत्रकार्य ब्रह्मगिरीपासून नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीपर्यंत गोदाखोऱ्यातच व्हावे. पाठ्यसाहित्य मराठीतही असावे, कारण तलाठ्याशी आणि शेतकऱ्याशी बोलायची भाषा तीच आहे.

शेवटचा मुद्दा नोकरीचा, आणि तो पालकांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा. भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक पदासाठी स्थापत्य पदविका किंवा आयटीआयचे सर्वेक्षक प्रमाणपत्र लागते. आता मोजणी उपग्रह-संकेतांवर चालणाऱ्या रोव्हर यंत्राने होऊ लागली आहे. अशा वेळी या विषयाचा पदवीधर अपात्र ठरू नये, यासाठी सेवाप्रवेश नियमांत ही पदवी समाविष्ट करण्याची शिफारस विद्यापीठाने प्रवेश सुरू होण्यापूर्वीच शासनाकडे पाठवावी.

विद्यापरिषदेच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि तत्पूर्वी आमच्या शिष्टमंडळास भेटीची वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विनीत,
इंदिरानगर, नाशिक येथील विद्यार्थी व पालक
(सोबत : सह्यांची यादी)