दुखतंय, हे सांगणं म्हणजे अविश्वास नव्हे



बेळगावच्या आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांना भेटणं ही माझी सेवा. परवा बायपास झालेल्या एका काकांना भेटायला गेले. सिस्टरने विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" काका म्हणाले, "दोन." ती गेल्यावर हळूच मला म्हणाले, "खरं तर आठ. पण प्रभूने क्रुसावर एवढं सोसलं, आणि मी गोळी मागू?" खोकला आला की ते तो दाबून धरत होते.

काकांची श्रद्धा मोठी, पण हा हिशेब मला पटला नाही.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेने जोडतात. हात-पाय दुखला तर त्याला विश्रांती देता येते; श्वासाला कशी देणार? दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकत नाही. मग कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. म्हणून ही गोळी चैनीची नव्हे. नीट श्वास घेता यावा, उठून चालता यावं, यासाठी ती असते. दुखणं चढेपर्यंत थांबू नका, सांगितलेल्या वेळी घ्या. खोकताना छातीशी उशी घट्ट धरा. मात्र घरातली आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नका. बायपासनंतर ती धोक्याची ठरू शकते. दुखणं अचानक वाढलं, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

आणि श्रद्धेचं काय? पोप पायस बारावे यांनी 24 फेब्रुवारी 1957 रोजी डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केलं, की कुणी स्वेच्छेने वेदना स्वीकारू शकतो, पण तसं बंधन नाही; वेदनाशामक घेणं ख्रिस्ती माणसाला मोकळं आहे. प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत आपलं दुःख पित्यापासून लपवलं नाही. जखमी वाटसरूला त्या शोमरोनी माणसाने सहनशक्तीचा उपदेश केला नाही, जखमांवर तेल ओतलं.

तेव्हा आजाऱ्याला भेटायला गेलात, तर "सहन करा" म्हणू नका. "किती दुखतंय?" विचारा, आणि गरज पडली तर सिस्टरला हाक मारा.

दुसऱ्या दिवशी काकांनी खरा आकडा सांगितला. संध्याकाळी आम्ही रोझरी म्हटली, तेव्हा त्यांचा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.