पार्टी कधी देतोस?

प्रमोशन झालं, बाइक घेतली, लग्न ठरलं, की ऑफिसात पहिला प्रश्न हाच. आपल्याला अर्थ चोख कळतो: बिल त्याने भरायचं. पण हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत करून लंडनच्या सहकाऱ्याला मेल केलं, तर तो बिचारा घरी चाळीस माणसं बोलवायच्या काळजीत पडेल. त्याला ‘ट्रीट’ म्हणा, लगेच कळेल.

हे नुसतं ग्रामरचं प्रकरण नाही हो. कुणी यायचं, काय खायचं, खिशात हात कुणी घालायचा, हे त्या एका शब्दात ठरलेलं असतं. मराठीत आपण ते बरोबर पाळतो. केळवणाला बिल वाटून घेऊ या, असं कुणी म्हणेल का? हळदीकुंकवाला उभ्या उभ्या जाऊन आलं तरी चालतं. इंग्रजीत शिरलो की मात्र बारशापासून सेंड-ऑफपर्यंत सगळंच ‘फंक्शन’! ‘गेट-टुगेदर’ म्हणजे खरं तर मोजक्या मंडळींचं घरगुती जमणं. आपण हॉल घेऊन तीनशे पानं वाढतो, तरी ते गेट-टुगेदरच.

‘पॉटलक’ला प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा असतो, निदान बाकरवडी तरी न्या. नुसतं ‘ड्रिंक्स’ला बोलावलं असेल तर जेवण गृहीत धरू नका, घरून दोन पोळ्या खाऊन निघा. ‘मॅरेजला ये’ऐवजी ‘वेडिंगला ये’ म्हणा. मॅरेजला यायचं तर पाहुण्याने मुक्काम किती वर्षं करायचा?

सगळ्यात हाल ‘आरएसव्हीपी’चे. मूळ फ्रेंचमध्ये अर्थ ‘कृपया उत्तर द्यावे’. म्हणून ‘प्लीज आरएसव्हीपी’त ‘कृपया’ दोनदा येतं, पण ते चालवून घेऊ. उत्तरच कुणी देत नाही, त्याचं काय? आपल्या पत्रिकांवर त्या चार अक्षरांखाली काका-मामांची नावं मानाने छापतात, फोन कुणीच करत नाही.

आमच्या टीममधली एक मुलगी शहरात नवी आली. तिने बारा जणांना जेवायला बोलावलं, मेलखाली आरएसव्हीपी लिहिलं. उत्तरं आली तीन, स्वयंपाक झाला चौघांचा, आणि दारात अकरा जण हजर! साडेनऊला खाली जाऊन तिने मॅगीची पाकिटं आणली. वर मंडळींचं म्हणणं, ‘अगं, येणारच होतो, त्यात कळवायचं काय?’

पुढच्या वेळी तिने मेल पाठवलाच नाही. एकेकाला फोन लावून विचारलं, ‘पोळ्या किती लाटू?’ अर्ध्या तासात बाराही उत्तरं आली.