नगरसेवक आले, निधीचे काय?

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर. या सहा नगरपरिषदांवर जवळपास चार वर्षे प्रशासकच होते. खरे तर मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे राज्यघटनेचे कलम २४३-यू बंधनकारक करते. पण ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि निवडणुका रखडल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांची मुदत दिली. मतदान उजाडले डिसेंबरात.

१५व्या वित्त आयोगाच्या निधीला लोकनियुक्त सभागृहाची अट होती आणि आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचाच होता. म्हणजे नव्या सभागृहाच्या हाती जेमतेम तीन महिने होते! जकात तर १९९९ मध्येच गेली. हक्काची उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. ज्या घरात नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही, तिथे ती मागायला नगरसेवक कोणत्या तोंडाने जाणार?