दबाव 'येतो' की कुणीतरी 'आणतो'?

मराठीत एक शब्द असा आहे, की त्याचं क्रियापद माणसाची जात बघून बदलतं. तो शब्द म्हणजे दबाव.

गावात अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला की फिर्यादीच्या घरी त्याच रात्री माणसं येऊ लागतात. सरपंच येतो, शेतमालक येतो, कधी आपल्याच समाजातला एखादा पुढारी येतो. "मिटवून घ्या, गावात राहायचंय ना?" दुसऱ्या दिवसापासून मजुरी बंद, दुकानाची उधारी बंद, पिठाची गिरणीही नेमकी बंद. याला म्हणतात 'सामंजस्य'. फारच प्रामाणिक कुणी असेल तर लिहितो, 'फिर्यादीवर दबाव आला.' पाऊस यावा तसा दबाव आला! तो आणला कुणी, हे वाक्यात नसतंच.

आम्ही मोर्चा घेऊन तहसीलवर गेलो की मात्र व्याकरण एकदम सुधारतं. 'संघटनांनी प्रशासनावर दबाव टाकला.' आता कर्ता ठळक, क्रिया ठळक, आणि गुन्हेगारही जणू आम्हीच.

कोर्टातला शब्द तर त्याहून वाईट: 'साक्षीदार फितूर झाला.' फितुरी म्हणजे गद्दारी. ज्याची मजुरी तोडली, ज्याच्या पोरीची शाळेची वाट अडवली, तो गद्दार! आणि वाट अडवणारे? त्यांच्यासाठी शब्दच नाही.

शाळेत आपण शिकलो: दाब म्हणजे क्षेत्रफळाने भागलेलं बल. बल तेवढंच ठेवा, क्षेत्रफळ कमी करा, दाब वाढतो. अख्ख्या गावाचं वजन दोन घरांवर पडतं तेव्हा हेच होतं. बाबासाहेबांनी संघटित व्हायला का सांगितलं, याचं उत्तर या सूत्रात आहे. दोन घरांमागे तालुका उभा राहिला तर तेच वजन पेलता येतं.

इतिहासातही हाच खेळ आहे. २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी येरवड्यात प्राणांतिक उपोषण सुरू केलं आणि २४ तारखेला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. एका माणसाच्या प्राणाचं ओझं बाबासाहेबांवर आणि गावोगावच्या अस्पृश्यांवर टाकलं गेलं. त्याला दबाव म्हणत नाहीत, 'ऐक्य' म्हणतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला. त्यानंतर मराठवाड्यात आपली घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला पदरात पडला तो नामविस्तार. ती जाळपोळ 'जनभावना', आणि आमचा लाँग मार्च तेवढा 'दबावतंत्र'!

कुणी विचारेल, मग तुमचा मोर्चा दबाव नाही का? आहे. आम्ही नाकारत नाही. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा बोथट झाला. २ एप्रिलला भारत बंद झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८अ आणलं. तो आमचाच दबाव होता आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. फरक एवढाच की आमचा दबाव दिवसाढवळ्या, रस्त्यावर, कायदा चालावा म्हणून असतो. त्यांचा असतो रात्री, दारात, कायदा बंद पडावा म्हणून. दोन्हींना एकच शब्द लावणं हा निष्पक्षपणा नाही. ती बाजू घेणंच आहे.

म्हणून आमचं कार्यकर्त्यांना सांगणं आहे. 'दबाव आला' असं लिहू नका, बोलू नका. कुणी आणला, कधी, कोणत्या शब्दांत, हे लिहा. २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५अ पाठ करा. धमकी, जबरदस्ती, आमिष याविरुद्ध पीडित किंवा साक्षीदाराने तोंडी तक्रार केली तरी ती नोंदवून घेणं पोलिसांचं कर्तव्य आहे. "लेखी आणा, मग बघू" म्हणणाऱ्या ठाणे अंमलदारापुढे हे कलम ठेवा आणि तक्रार नोंदवल्याशिवाय उठू नका. संरक्षणासाठी विशेष न्यायालयात अर्ज करा. आणि ज्या रात्री ती माणसं फिर्यादीच्या दारात येतील, त्या रात्री आपलीही दहा माणसं त्या ओट्यावर बसलेली असू द्या.

वाक्याला कर्ता मिळाला की आरोपीही मिळतो.

जय भीम!