वसईला उतरलो तेव्हा

गेली नऊ वर्षे आमचे बिऱ्हाड सीतापुऱ्यात आहे. जयपूरच्या दक्षिणेला ही औद्योगिक वसाहत. दागिन्यांचे कारखाने, कापडाचे कारखाने आणि त्यांच्या पाळ्यांवर चालणारी घड्याळे. ह्यांची नोकरीही तिथलीच. पाऊस म्हणाल तर पाहुण्यासारखा, चहा घेऊन निघून जाणारा. आणि मराठी म्हणाल तर घरात आम्हा दोघांपुरती. मुले हिंदीत हसतात, हिंदीत भांडतात आणि झोपेत बरळतात तीही हिंदीतच.

सुट्टीत मुंबईला जाताना गाडी कोटा, रतलाम, बडोदा, सुरत मागे टाकून सकाळी वसईवरून धडधडत जाते. त्या वेळी आम्ही पांघरुणांच्या घड्या घालत असतो, नाहीतर बाकाखाली धाकट्याची चप्पल शोधत असतो. वसईला कधी उतरायचे मात्र आमच्या डोक्यातही आले नव्हते.

गेल्या वर्षी जून अखेरीस बोरिवलीला सासूबाईंकडे होतो. तीन दिवस पावसाने बाहेर पडू दिले नव्हते. त्यात एका संध्याकाळी आजीने लेकीला हौसेने काहीतरी विचारले आणि अकरा वर्षांच्या आमच्या कन्येने मान वर न करता उत्तर दिले, "मुझे नहीं पता, दादी." सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मात्र म्हणाल्या, "तुझी लेक माझ्याशी परक्यासारखी बोलते गं."

मला ते लागले. मी म्हणाले, "आई, तिथे राहून बघा, म्हणजे कळेल." बोलून गेले आणि जीभ चावली. पण शब्द निसटला तो निसटलाच. सकाळी चहाच्या वेळी घरात नुसता पावसाचा आवाज. हे एकदम उठले आणि म्हणाले, "चला, छत्र्या घ्या. वसईचा किल्ला बघून येऊ. आई, तूही चल."

विरारच्या गाडीत बसलो. भाईंदर गेले आणि खाडीचा पूल आला. खाली गढूळ, फुगलेले पाणी, वर तेवढेच करडे आभाळ. मध्ये कुठे रेघ दिसेना. धाकटा खिडकीच्या गजांना नाक लावून बसला. नायगावच्या बाजूची मिठागरे पाण्याखाली गेली होती. वाळवंटाच्या शेजारी वाढलेल्या पोराला एवढे पाणी म्हणजे जत्राच!

वसई रोडला उतरून रिक्षाने किल्ला गाठला. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी इथे तटबंदीच्या आत एक अख्खे शहर वसवले. चर्च, मठ, वाडे, सगळे दगडी. आज बहुतेकांवर छप्पर नाही. भिंतींतून पिंपळ उगवलेले, कमानींवरून पाणी निथळते आहे. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये जमिनीतच थडग्यांचे कोरीव दगड बसवले आहेत. मुले त्यांना वळसा घालून, पाय जपून टाकत चालली. कोणी सांगावे लागले नाही.

मग ह्यांच्यातला मास्तर जागा झाला. "जयपूर शहर वसले १७२७ साली. त्याच सुमारास सवाई जयसिंगाने ग्रहताऱ्यांच्या अभ्यासासाठी आपली माणसे पार पोर्तुगालला पाठवली होती. आणि तेव्हा इथे पोर्तुगीजांचेच राज्य होते. पुढे १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला." नाशिकला नारोशंकराच्या देवळातली ती मोठी घंटा मुलांनी पाहिली होती. ती इथूनच विजयाची खूण म्हणून नेलेली, हे ऐकून धाकटा जोरात ओरडला, "यानी हम जीत गये!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली. जिंकल्याची बातमीसुद्धा हिंदीतच आली होती.

परतताना वसई गावात सर अशी कोसळली, की आम्ही बस थांब्याच्या आडोशाला धावलो. तिथे एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. लाल लुगडे, गळ्यात क्रूस, टोपलीत केळी आणि सोनचाफ्याची फुले. तिने कन्येला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "कुठून आलीस गं बाय?"

"जयपूर से," कन्या म्हणाली.

"मराठी येत नाय?"

मी घाईने सांगू लागले, तिथे शाळा हिंदी, शेजार हिंदी, मैत्रिणी हिंदी. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "माझी नातवंडं इंग्रजी शाळेत जातात. पण घरात आली की आपली बोली. दुसऱ्या भाषेत काही मागितलं तर मी उत्तरच देत नाय. भूक लागली की बरोबर बोलतात."

सासूबाई खळखळून हसल्या. आदल्या रात्रीपासून पहिल्यांदा. दोघी म्हाताऱ्या मग केळ्यांच्या भावापासून गुडघ्यांपर्यंत बोलत बसल्या. तिची बोली निराळी, आमची पुणेरी वळणाची, तरी कुठे अडले नाही.

गाडीत मी विचार करीत राहिले. या लोकांच्या पूर्वजांनी दोनशे वर्षे पोर्तुगीजांचा अंमल पाहिला. धर्म बदलला, नावे बदलली, आडनावे तर थेट सातासमुद्रापलीकडची आली. पुढे राज्य मराठ्यांचे झाले, मग इंग्रजांचे. चुलीपाशी बोलायची भाषा तेवढी टिकली. सामवेदी ख्रिस्ती, कोळी, वाडवळ, सगळ्यांच्या बोली आजही ऐकू येतात आणि चर्चमध्ये प्रार्थनाही मराठीत होते. याच मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी अख्खे बायबल 'सुबोध बायबल' म्हणून मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. दोनशे वर्षांच्या परक्या राज्यात जे यांच्या घरांतून गेले नाही, ते आमच्या घरातून नऊ वर्षांत निघाले होते!

सीतापुऱ्याला परतल्यावर मी जाहीर केले, की हिंदीत मागाल तर उत्तर नाही. पहिले तीन दिवस घरात युद्ध. कन्येने अबोला धरला, धाकटा खुणांनी पाणी मागू लागला. चौथ्या दिवशी गॅसवर दूध उतू गेले आणि मी किंचाळले, "अरे, कोई देखता क्यों नहीं?" कोणी हलेना. धाकटा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आई, उत्तर नाही मिळणार."

ओटा पुसताना माझे मलाच कळले. वसाहतीला, शाळेला, शेजाराला मी बोल लावत होते. पण घाईत, रागात, लाडात माझ्याच तोंडून हिंदी येत होती. मुले बिचारी कुठून शिकणार? हिंदीशी माझे वैर नाही, तिनेच आम्हाला इथे शेजार दिला. फक्त उंबऱ्याच्या आत माझी जागा मीच सोडली होती.

त्या रात्री सासूबाईंना फोन केला आणि म्हणाले, "आई, त्या दिवशी मी उगाच तोडून बोलले. तुमचे खरे होते." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "अगं, दूध उतू गेल्याचे कळले मला. धाकट्याने दुपारीच सांगितले. मराठीत!"

मग कन्येने माझ्या हातून फोन घेतला. "आजी, तिकडे अजून पाऊस पडते का?"

पडते की पडतो, ते आजीने सुधारले नाही. तिने वसईच्या सोनचाफ्यापासून सुरुवात केली आणि पाऊण तास ती पावसाबद्दल सांगत राहिली.